सुतळीचं माप

सिंदेवाहीच्या त्या वेल्डरला खोटं बोलताना कोणी ऐकलं नाही. बोलायचाच कमी, आणि तेही माणसाकडे न बघता चाकाकडे बघून. सिरोंच्याच्या बाजाराला कापडाचे गठ्ठे न्यायचे म्हणून माझ्या बुलेटला कॅरिअर लावायचं होतं. गाडी मापून झाल्यावर त्यानं सुतळी घेऊन मला डोक्यापासून टाचेपर्यंत मापलं.

"माह्यं माप काऊन?"

"आलापल्लीच्या पुढं दुसरी गाडी भेटत नाई, भाऊ. माणूस कसाही असो, आडवा टाकून घरी आणता आला पाहिजे."

"मी मरायले नाई, धंद्याले चाललो," मी सुनावलं.

तरी त्यानं सीट धरून तेवढंच लांब कॅरिअर केलं. सुतळी खिळ्याला टांगली. तिथं अशा वीसेक होत्या, एकेका खिळ्याला एकेक. सुखरूप परतलेल्यानं आपली सुतळी आपल्या हातानं सोडून न्यायची, हा त्याचा नेम.

आठ दिवसांनी सिरोंच्याहून परतलो तो मी थेट त्याच्याकडेच गेलो. माझा खिळा रिकामा होता.

"माही सुतळी कुठी हाय?"

"परवा तुमीच नेली ना."

परवा मी सिरोंच्यात होतो. मी कोणाला भिणारा माणूस नाही, तरी आवाज खाली आणून विचारलं.

"संग गाडी होती का माही?"

"नाई, भाऊ. पायीच आले होते."