वहिनींचे गुडघे

माझ्या थोरल्या वहिनींनी मला फसवलं. जन्मभर तुर्भ्याच्या बाजारात कांद्याचा भाव केलेल्या माणसाला, त्याच्याच घरात, दिवसाढवळ्या. आता त्या जुईनगरला लेकीकडे खुशाल पापड लाटत बसल्यात आणि सगळ्या नात्यागोत्यात हसं माझं झालंय.

वहिनी कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघत नाहीत, फरशीकडे बघतात. घरची बाई "या, बसा" म्हणत असते आणि यांची नजर पायपुसण्याच्या दुमडलेल्या कोपऱ्यावर असते. धाकट्या भावाच्या मुलीसाठी बोनकोड्याला स्थळ बघायला गेलो, तेव्हा मुलगा, नोकरी, घर, सगळं पसंत पडलं. वहिनी हात धुवायला आत गेल्या आणि बाहेर येऊन मुलाच्या आईला म्हणाल्या, "मोरीत शेवाळ धरलंय. आधी ते घासा, मग पोरगी देतो." लग्न झालं. ती मोरी अजून लखलखीत आहे.

"पडायला एक पाय पुरतो, उठवायला चार माणसं लागत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बारशाला गेल्या तरी बाळाच्या आजीला हेच ऐकवतात. स्वतः मात्र कधी पडल्या नाहीत. साताऱ्याकडच्या डोंगरावरून गवताचा भारा घेऊन अनवाणी उतरलेली बाई. थोरला भाऊ गेल्यावर त्या कोपरखैरण्याला आमच्याकडे राहायला आल्या. आमचं घर म्हणजे खाली खोली, वर खोली आणि मध्ये शिडीसारखा उभा जिना. त्यावरून त्या पाण्याची कळशी घेऊन चढायच्या, आणि मी धापा टाकत मागून.

मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून घसरलो. कोपर सुजलं. घरी सांगितलं, टेम्पोचं मागचं फाळकं लागलं. सत्तरीला टेकलेला माणूस न्हाणीघरात पडला हे बाजारात कळलं, तर समोरचा भाव बोलायचं सोडून तब्येत विचारायला लागतो. वहिनींनी कोपराला हळद लावली.

त्याच आठवड्यात त्यांचे गुडघे गेले.

"भावजी, आता काय खरं नाही माझं," असं म्हणत त्या भिंत धरून चालायला लागल्या. मग मागण्या सुरू झाल्या. बाथरूमची सगळी फरशी फोडून नवी खडबडीत घाला म्हणाल्या. मी भडकलो. घर काय धर्मशाळा आहे का, असं बरंच बोललो. शेवटी घासाघीस करून फरशीवर खरखरीत पट्ट्या चिकटवण्यावर सौदा पटला. मी मिशीत हसलो. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा मागितला, मी एकाच बाजूला दिला. पायपुसणी गेली, जिन्यावर बारीक दिवा आला. घरात रबरी चपला घालायच्या ठरल्या, तर म्हणाल्या, "एकटीला लाज वाटते. तुम्हीपण घाला." घातल्या. माळ्यावरचं काढायला मी स्टुलावर चढलो की खालून कण्हायच्या, "उतरा हो, बघून माझ्या गुडघ्यात कळ येते." उतरायचो. बायको पदर तोंडाला लावून आत जायची. मला वाटायचं, बिचारीला वहिनींचं दुःख बघवत नाही.

बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा होता. फिटर म्हणाला, किती उंचीवर? वहिनी म्हणाल्या, "भावजी, जरा तुम्ही बसून उठून दाखवा त्याला. मला वाकवत नाही." मी बसलो, उठलो, फिटरनं पेन्सिलीनं खूण केली. वहिनी माझ्या खांद्यालाही लागत नाहीत.

"अहो, तुमची उंची केवढी, दांडा केवढ्यावर?" मी ओरडलो.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "वाढेन की अजून."

दिवाळीनंतर त्यांच्या लेकीला नोकरी लागली आणि नातवाला सांभाळायला वहिनी जुईनगरला निघाल्या. दारात रिक्षा उभी होती. मी सामान उचलायला वरून निघालो, तोवर त्यांनी ट्रंक डोक्यावर घेतली, कठड्याला हातही न लावता जिना उतरल्या आणि गटार एका ढांगेत ओलांडून रिक्षात बसल्या. मी जिन्याच्या मध्यावर उभा. हात कठड्यावर.

"वहिनी," मी म्हणालो, "गुडघे?"

"ते ठेवलेत इथंच. तुम्ही वापरा." मग रिक्षातून डोकं बाहेर काढून म्हणाल्या, "आणि भावजी, टेम्पोच्या फाळक्याला साबणाचा वास येत नसतो."

पूर्वी बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल दिसायचा, खरा सौदा खाली. वहिनींचे गुडघे म्हणजे रुमाल होता, आणि खाली सौदा माझ्या हाडांचा चालला होता. आजवर कुणी मला असं गुंडाळलं नव्हतं. त्यानंतर मी दोनदा तोल जाताना तो दांडा धरलाय. बरोबर हाताशी येतो, हा आणखी वेगळा राग.

गेल्या रविवारी जुईनगरला गेलो. हात धुवायला म्हणून आत गेलो आणि बघितलं. गुळगुळीत फरशी, भिंत कोरी, बादलीभोवती पाणी. बाहेर येऊन मी कमरेला हात लावला. म्हणालो, "वहिनी, मी अधूनमधून मुक्कामाला येईन म्हणतो. पण कंबर धरते माझी. इथं एक दांडा लागेल."

त्यांनी लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "भावजी, रुमाल सरकला तुमचा. मला नको काही. मी कधी पडलेय?"

लेक हसली, नातू हसला. मी चहा न पिता निघालो.

तेव्हा सगळ्या नातेवाइकांच्या देखत विचारतो. दुसऱ्यांच्या मोऱ्या घासायला लावणाऱ्या, माझं घर भिंतीभिंतीतून बदलणाऱ्या बाईनं ऐंशीव्या वर्षी ओल्या फरशीवर आधाराशिवाय उभं राहायचं, हा कुठला न्याय? याचं उत्तर वहिनींनी द्यायचं. येत्या रविवारी मी फिटर घेऊन येतोय. वहिनींनी स्वतः बसून, उठून दाखवायचं, तिथंच खूण होईल. आणि या वेळी "वाढेन की अजून" म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.