झेवियरकाकांचं एकमेव बरोबर उत्तर

बाळकुमच्या एका टॉवरमध्ये चौथ्या मजल्यावर राहणारे झेवियर मिस्किटा रिटायर झाले आणि समाजाची बुद्धी वाढवायची जबाबदारी, कुणीही न सांगता, त्यांनी अंगावर घेतली. सोसायटीतल्या लोकांचा त्यांनी फोनवर ग्रुप काढला. रोज सकाळी चहाच्या आधी त्यावर आकड्यांची एक रांग टाकायची आणि पुढचा आकडा विचारायचा. लोकही असे जिज्ञासू, की उत्तरादाखल गुलाबाची फुलं पाठवत.

खरोखर सोडवणारी एकटी रुचिता. सहाव्या मजल्यावर राहणारी, कल्याणच्या एका कॉलेजात शिकवणारी. तिचं उत्तर आलं की काका ‘शाबास’ लिहीत आणि दिवसभर बायकोला, ॲनेटला, ऐकवत की ही पोरगी माझ्या हाताखाली तयार झाली.

एकदा त्यांनी टाकलं: एक, दोन, चार, आठ, सोळा. पुढे काय? दुप्पट करत जायचं, बत्तीस. गुलाबवाल्यांची दया येऊन घातलेलं कोडं. रुचिताने लिहिलं, ‘एकतीस.’

‘चूक,’ काकांनी निकाल दिला.

तिने चित्र पाठवलं. वर्तुळाच्या कडेवर ठिपके द्यायचे, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांना रेषेने जोडायचा आणि आतले तुकडे मोजायचे. एका ठिपक्याला एक, दोनला दोन, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा. सहाला एकतीस. ‘काका, हाही नियम बसतो. मोजून बघा.’

काकांनी ताटाभोवती पेन्सिल फिरवून मोजलं. एकतीस. ठिपके सरकवले. एकतीस. एकदा तर तीन रेषा एकाच बिंदूत भेटल्या आणि तीसच भरले, तेव्हा त्यांनी घाईघाईने खोडरबर फिरवलं. बत्तिसावा तुकडा काही केल्या सापडेना. मग त्यांनी गणिताचा शेवटचा उपाय केला: ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सोय करून टाकली. ॲडमिन अर्थातच ते स्वतः.

पुढे काही दिवस एकही उत्तर नाही. काकांची छाती फुगली. “बघ, एकालाही जमत नाय. लेव्हल वाढवली मी.”

ॲनेट बोंबील साफ करत होती. “अरे, त्यांना लिहिता येतंय कुठे? तूच कुलूप घातलंयस ना!”

काकांनी मुकाट्याने कुलूप काढलं. गुलाब लगेच आले. रुचिताचं काहीच आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही की तिसऱ्या दिवशी नाही. काकांना करमेना. कुणापाशी कबूल केलं नसतं त्यांनी, पण तिच्या उत्तरासाठीच तर ते सकाळी उठायचे. शेवटी लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले, तेवढाच धीर गोळा करायला वेळ.

“एकतीसही येतं म्हणे,” दारातच त्यांनी सांगितलं.

“म्हणे नाही काका. येतं.”

“येतं,” काका म्हणाले. एवढा एक शब्द बोलताना दोन जिने चढण्यापेक्षा जास्त घाम फुटला. “मग उद्यापासून पाठव की गं उत्तर.”

“नको काका. तिथली उत्तरं तुम्हाला आधीच ठाऊक असतात, मग मजा काय? उद्या संध्याकाळी खाली बाकावर या. तुम्हालाही सुटत नसेल असं एखादं कोडं आणा. दोघं मिळून डोकं खाजवू.”

काका खूश होऊन घरी आले आणि साठवलेली सगळी कोडी काढून बसले. उत्तर आपल्याला ठाऊक नाही, असं त्यांच्यापाशी एकही निघालं नाही.