पंधरा अंशाचा दोर

बारावीत असताना मी एका ओंडक्यावरून बापाशी भांडले. राजुऱ्याबाहेरच्या एका आरा मशीनवर तो मुकादम होता. सागाचे ओंडके कप्पीच्या साखळीनं उचलायचे आणि करवतीच्या गाड्यावर चढवायचे, हे त्याच्या टोळीचं काम. बाप तापट, आणि मी त्याचीच पोरगी. आमच्या घरात बोलणं आधी हातानं व्हायचं, मग तोंडानं.

त्या आठवड्यात कॉलेजात स्थिर वस्तूंवरच्या बलांची गणितं चालू होती. वस्तू लटकून स्थिर आहे, म्हणजे वर ओढणारं आणि खाली ओढणारं बल सारखं. दुपारी डबा द्यायला गेले, तर तेच गणित समोर लोंबकळत होतं. चार क्विंटलचा ओंडका, दोन्ही टोकांना बांधलेला एकच दोर, मध्ये कप्पीचा हुक. पण दोर इतका आखूड, की त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ आडव्या. कोन फार तर पंधरा अंश. मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले आणि उत्तर बघून घाबरलेच.

"बाबा, दोराच्या एकेका बाजूवर पावणेआठ क्विंटल ताण येऊन राह्यला. लांब दोर लावा न!"

"चार क्विंटलच्या लाकडातून पावणेआठ कुठून आणले? दोन बाजू, दोन-दोन क्विंटल. मले शिकवून राह्यली का तू?"

टोळी खो खो हसली. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. दोर जितका आडवा, तितका त्याचा जोर वर ओढण्यात कमी लागतो, म्हणून ताण वाढतो, हे मी ओरडून ओरडून सांगितलं. त्यानं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली जाळ काढला.

"लांब दोरानं ओंडका खालीच लोंबते. गाड्यावर कोण चढवन, तुहा मास्तर?"

तळपायाची आग मस्तकात गेली. ओंडका उतरवून माणसं जेवायला बसली, तशी मी कुऱ्हाड घेतली आणि त्या आखूड दोराचे दोन तुकडे केले. लांब दोर बाजूलाच पडला होता. आता झक मारत तोच लावेल, असं वाटलं. बापाला काही होऊ नये, हे खरंच होतं. पण त्या घावात त्याची काळजी किती आणि थपडेचा राग किती, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच दोराच्या तुकड्यानं त्यानं मला फोडून काढलं. करवतीवरचा मिस्त्री मध्ये पडला म्हणून सुटले. मग लांब दोराला हातही न लावता बापानं त्या दोन तुकड्यांची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तेवढाच ओंडका उचलताना दोर गाठीपाशी तुटला. बापाचा डावा पाय खाली सापडून पार चेचला. चंद्रपूरच्या दवाखान्यात गुडघ्याखालून कापावा लागला. दोर कसा तुटला, असं आईनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "जुना झाला होता." मिस्त्रीलाही त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं.

आठवड्यानं, आई चहा आणायला गेली होती तेव्हा, तो मला म्हणाला, "गाठ नसती तं टिकला असता का तो दोर? हिशेब करून सांग. खोटं नको बोलू."

हिशेब मी केव्हाच केला होता. दोर किती पेलतो, हे मिस्त्रीला अपघातानंतर विचारलं होतं. चौदा क्विंटल. गाठ मारली की ताकद निम्मी, म्हणजे सात. ताण पावणेआठ. मी ताण तेवढा बरोबर काढला होता. दोर किती पेलतो, हे आधी कोणालाच विचारलं नव्हतं. मोठी शहाणी!

"टिकला असता, बाबा."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "भवाने!" म्हणत त्यानं हात उगारला, पण खाटेवरून तो माझ्यापर्यंत पोचेना. मी स्टूल पुढे ओढलं आणि जवळ बसले.