सुंदराबाईचा मीटर

सुंदराबाईचा कुणावर म्हणून भरवसा नव्हता. दूधवाल्यानं मापानं ओतलेलं दूध ती आपल्या पेल्यानं परत मोजायची. गॅसचा सिलिंडर दारातच हलवून बघायची. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या बैठ्या चाळीत याचं कुणाला नवल नव्हतं. बाईनं बावीस वर्षं काडेपेटीच्या कारखान्यात पुडे बांधलेले. एका पुड्यात अकराच पेट्या आल्या तर तिच्या तळहाताला न बघता कळायचं.

दोन हजार सहा साली चाळीतले चाकाचे जुने मीटर निघाले आणि नवे आले. आत चाक नाही, काटा नाही, नुसता एक लाल ठिपका लुकलुकणारा. आणि लगेच युनिटं वाढली.

"मीटर पळतोय," सुंदराबाईनं निकाल दिला.

तिचा मुलगा सम्यक डोंबिवलीला एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आई, त्याच्यावर लिहिलंय बघ. बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. वाटलं तर मोज."

हे तो गमतीनं बोलला. पण मोजायचं काम कुणाला सांगतोय याचं भान त्याला राहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी मीटरखाली पाट टाकून बसली. सून यशोधरा आत एकेक बटण दाबणार आणि ही बाहेरून ओरडणार. "फ्रिज लाव! आता बंद कर! इस्त्री!" इस्त्रीला ठिपका भराभर उडायचा. पाण्यात रॉड सोडला की नुसता थयथयाट. फ्रिजला सात आकडे मोजून होईतो एकदा. सगळं तिनं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं. मग घरात कायदे निघाले. रॉड बंद, पाणी गॅसवर. इस्त्री आठवड्यातून एकदाच, सगळे कपडे एका दमात. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे.

"आत्या, पंख्याखाली झोपायची तरी परवानगी हाय ना?" यशोधरा विचारायची.

"झोप. पण एकावर."

युनिटं उतरली. बाई खुश व्हायला हवी होती. पण एका दुपारी तिनं घरातलं झाडून सगळं बंद केलं, आणि ठिपका लुकलुकला. तिनं मोजलं. वीस आकडे झाले, परत लुकलुकला. परत वीस. दिवसभर तेच.

"साठचा एक बल्ब कुठंतरी जळतोय," सम्यक म्हणाला. "आपल्यात तर नाही."

आपल्यात नाही म्हणजे शेजारी. आणि शेजारी म्हणजे भगवंत. मधली भिंत एकच, वर पत्रा एकच. भगवंत तिच्या नवऱ्याचा, सुदामचा, जिगरी दोस्त. सुदाम जाऊन सहा वर्षं झाली तरी त्याचं येणंजाणं होतं. पण वायरमनचं काम करणारा चाळीत तो एकटाच. सुंदराबाईला आता सगळं जुळायला लागलं. मागच्या महिन्यात तो पत्र्यावर चढला होता, गळती बघायला म्हणून. कसली गळती?

नळावर तिनं त्याला चार बायांदेखत गाठलं. "भगवंता, माझ्या मीटरवर कोण जेवतंय रे?"

भगवंताची बादली भरून वाहायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. "वहिनी, मोजण्यात काहीतरी चुकत असंल," एवढंच तो म्हणाला.

मोजण्यात! सुंदराबाईच्या! संशय होता त्याची खात्री झाली. शुक्रवारी ती एकटीच वीज ऑफिसात गेली आणि भगवंताच्या नावानं चोरीचा अर्ज देऊन आली. मंगळवारी पथक येईल, चोरी सापडली तर कनेक्शन कापतील, असं खिडकीतल्या माणसानं सांगितलं. घरी कळल्यावर सम्यक कपाळाला हात लावून बसला. "आई, भगवंतकाकांची कीर्ती बारावीला आहे. अंधारात बसवतेस पोरीला?"

"चोरी करताना त्यानं विचार केलता?"

पथक यायच्या आत तिला चाळीसमोर पुरावा हवा होता. रविवारी सकाळी भगवंताच्या घरात टीव्ही चालू असतो; आपला मेन बंद केल्यावर तो बंद पडला की चोरी उघडी. तेव्हा तिनं सगळ्यांना दारात बोलावलं, यशोधरेला भगवंताच्या उंबऱ्यात उभं केलं आणि आपल्या मेन स्विचचा खटका खाली ओढला.

ठिपका थांबला. सुंदराबाईनं मान वळवली. भगवंताचा टीव्ही बिनधास्त गात होता, त्याचा पंखाही फिरत होता. "हितं सगळं चालू हाय, आत्या," यशोधरा म्हणाली.

तेवढ्यात चाळीच्या टोकाला, बुद्ध विहारात कालवा झाला. तिथं रविवारची वंदना चालली होती. पांढऱ्या साडीतली रखमाबाई बाहेर आली. "अगं, लाईट कुणाची गेली? मूर्तीपुढं मिट्ट काळोख झाला!"

सुंदराबाईनं खटका वर केला. आतून पोरं ओरडली, "आली!" तिनं परत खाली केला. "गेली!"

"भगवंता," ती म्हणाली, "इकडं ये."

तो आला, खाली बघत. "विहार बांधलं तेव्हा कनेक्शन मिळंना. सुदामभाऊ म्हणला, माझ्या घरनं घे. मीच ओढली वायर पत्र्याखालनं. जुन्या मीटरचं चाक एवढ्याशानं हलत नव्हतं."

"आणि मला सांगितलं न्हाई?"

"तो म्हणला, ती न्हाई म्हणंल."

"मी कशाला न्हाई म्हणले असते!"

रखमाबाईनं हसू लपवायला तोंडाला पदर लावला.

"आणि तुला चोर म्हणले, तरी तोंड शिवून बसलास?"

"बोललो असतो तर तुम्ही वायर तोडली असती, वहिनी."

सोमवारी सुंदराबाई वीज ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. शेजारी भगवंत. त्याला तिनंच हाताला धरून आणला होता. अर्ज मागं घ्यायचा, म्हणाली. आतल्या माणसानं कागद काढला. "चोरी नाही सापडली?"

"चोरी नव्हतीच. माझ्या घरातनंच विहाराला दिलीय लाईट. माझ्या मालकानं दिली. मी खोटं लिहिलं ह्याच्यावर."

"तशी वायर चालत नाही, मावशी. विहाराच्या नावानं नवीन कनेक्शनचा अर्ज करा. तोवर पथक आलं तर दंड तुम्हाला."

"मला होऊ द्या. ह्याचं नाव खोडा आधी, माझ्यासमोर."

त्यानं खोडलं. तिनं वाकून बघितलं, दुसरी रेघ मारायला लावली, मग नव्या अर्जाचा कागद मागून घेतला.

परत येताना स्टेशनापाशी सुंदराबाई थांबली.

"भगवंता, खरं सांग. आणखी काय काय लपवलंय मालकानं माझ्यापास्नं?"

"एवढंच, वहिनी. आईशपथ."

तिनं त्याच्याकडं बराच वेळ रोखून बघितलं. तिला काही ते पटलं नाही.