फुकटचं मीठ आणि बंद केलेला घाट

मंडळी, आज खेळात माझं राज्य बुडालं. सांगतो.

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं काल्पनिक राज्यांचा नकाशा मांडून खेळतो. माझं राज्य डोंगरात, समुद्राकडे उतरणारा घाट माझ्या ताब्यात. नदीकाठ समीरकडे. किनारा वैदेहीकडे, ती नुकतीच नागपूरहून आमच्या टीममध्ये आलीये.

आज ती म्हणाली, "माझ्याकडून मीठ घ्या. बदल्यात काही नको."

फुकट? पुण्यात? मिठाच्या गाड्यांत नक्की सैनिक लपवले असणार! मी घाटच बंद केला.

तिनं गलबतं खाडीतून नदीत घातली आणि मीठ समीरला दिलं. बघता बघता सगळा व्यापार नदीनं सुरू झाला, माझ्या घाटातल्या बाजारपेठा ओस पडल्या.

"खरं सांग, गाड्यांत काय होतं?" मी शेवटी विचारलं.

"मीठच होतं जी. इथं कुणी ओळखीचं नाही. म्हटलं, खेळातून तरी ओळख होईल."

मी वरमलो. मग तिनं आम्हा दोघांना चहा पाजला, आणि पहिल्याच घोटाला मनात आलं, आता हा कशासाठी?

अनोळखी माणूस चांगलं वागला की तुम्हालाही असंच होतं का हो?