गर्ल्स चेंजिंग – खाली

माझी हिंदी फर्डी आहे, असा मला भलताच माज होता. बायकोच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो, तिथल्या मानसरोवर भागात राहिलो, आणि भाजीवाल्याशी घासाघीस जमली की भाषा आली, असं मी धरून चाललो. लेक हसायची. मी दुर्लक्ष करायचो.

मी आर्किटेक्ट; त्याच सुमारास एका विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाचा आराखडा करायचं काम माझ्याकडे आलं. खाली बॅडमिंटनचा हॉल, वर प्रेक्षकांची गॅलरी. कपडे बदलायच्या खोल्या मी गॅलरीशेजारी, पहिल्या मजल्यावर टाकल्या होत्या. नकाशा दाखवायच्या दिवशी व्हीलचेअरवरून खेळणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मैं ऊपर कैसे जाऊँगी? अभी भी हर बार हॉस्टल जाकर बदलती हूँ."

मी ओशाळलो, आणि ते झाकायला फार तत्परता दाखवली. तिच्यासमोरच लाल पेनाने तळमजल्यावरच्या स्टोअररूमला बाण काढून लिहिलं: गर्ल्स चेंजिंग – खाली. "हो गया," म्हणालो. सुधारित नकाशा काढायचा मात्र राहूनच गेला. तीच प्रत साइटवर गेली आणि आतल्या खोल्यांचं काम चाललं तेव्हा मी दीड महिना तिकडे फिरकलोसुद्धा नाही.

काम संपत आल्यावर क्रीडा विभागाच्या मॅडमनी बोलावलं. ती मुलगीही आली होती. तिने स्वतः त्या खोलीचं दार ढकललं. आत नवी फरशी, ताजा रंग. बाक नाही, हुक नाही, नळ नाही, संडास नाही.

मी सुपरवायझरवर तुटून पडलो. मुरलीपुऱ्याहून रोज मोटारसायकलवर येणारे, वयाने माझ्याहून मोठे गृहस्थ. "पढ़ना नहीं आता क्या?"

त्यांनी घडी घातलेला नकाशा पुढे धरला. "साहब, आपने ही लिखा है, खाली. तो हमने पूरा कमरा खाली रखवा दिया."

मी साताऱ्याचं 'खाली' लिहिलं होतं. त्यांनी जयपूरचं वाचलं: रिकामं.

एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मॅडम बघत होत्या. मी म्हणालो, "इतना तो समझना चाहिए था." सुपरवायझरांनी हात जोडले. "गलती हो गई, साहब." आणि ती चूक मी त्यांच्याकडेच राहू दिली. अजूनही आठवलं की लाज वाटते, कानशिलं तापतात.

मुलीने नकाशा मागून घेतला. लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मी ती लिहीत असताना तिने पाहिलं होतं. मग तिने कागद सुपरवायझरांना परत दिला.

"आपकी गलती नहीं है, भाईसाहब," ती त्यांना म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. खुर्ची वळवली आणि कपडे बदलायला हॉस्टलच्या रस्त्याला लागली.

माझी मान खाली गेली. साताऱ्याचं 'खाली'.