उघडं दुकान

सात रस्त्याजवळच्या दुकानात बुद्धप्रिया शाळेच्या गाड्यांना जीपीएस बसवून द्यायची. पोर कुठवर आलं ते आईबापांना फोनवर दिसायचं. धंद्याचा जम बसला होता. तेवढ्यात गाड्यांना परवाना देणाऱ्या मंडळानं स्वतःचाच जीपीएस विकायला काढला आणि फतवाही काढला, आमचा बसवला नाही तर परवाना नाही. आता पंचच खेळायला उतरल्यावर अपील करायचं कुणाकडं?

गाडीवाले एकेक करून यंत्र काढून घ्यायला येऊ लागले. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तिप्पण्णा तर मान वर करेना. “ताई, तुमचं यंत्र लई चांगलं हाय की. पन परवान्याबिगर गाडी कुटं चालवू?” बुद्धप्रियानं आपल्याच हातानं स्क्रू काढले.

मग तिनं दिल्लीला, बाजारातली दांडगाई रोखणाऱ्या स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली. मंडळ म्हणालं, आम्ही सरकारी अधिकार वापरतो, स्पर्धेचा कायदा आम्हाला लागूच नाही. तिच्या वकील राजेश्वरी मॅडमनी ते खोडलं. परवाना देणं हा अधिकार असेल, पण यंत्र विकणं हा धंदाच, असं त्यांनी मांडलं. आयोगाला ते पटलं आणि केस पुढं चालवायचं ठरलं. त्या दिवशी तिच्या आईनं, मीनाबाईंनी, गल्लीत पेढे वाटले.

दुकानात मात्र चिटपाखरू फिरकत नव्हतं. तरी बुद्धप्रिया रोज शटर वर करायची, रिकामा काउंटर पुसायची. पोरगी हरली असं कुणी आईला म्हणू नये, एवढंच. हा मानी स्वभावच तिला नडला. पुढच्या तारखेला मंडळानं त्या उघड्या दुकानाचा फोटो पुढं केला. बाईंचं दुकान अजून चालू आहे, मग स्पर्धा मेली कुठं? गिऱ्हाईक येत नसेल तर तो त्यांच्या मालाचा दोष. निकाल लागेपर्यंत तरी सक्ती थांबवा, ही तिची मागणी आयोगानं मान्य केली नाही.

केस टिकवायची असेल तर दुकान बंद करा, असं राजेश्वरी मॅडमनी फोनवर सांगितलं. ज्याच्यासाठी बुद्धप्रिया भांडत होती, तेच आपल्या हातानं संपवायचं होतं. निकाल किती वर्षांनी लागेल, हे मॅडमनाही सांगता येईना.

डबा घेऊन मीनाबाई आल्या तेव्हा ती शटर खाली ओढत होती. आज लवकर कशी, असं त्यांनी विचारलं.

“केस जिंकायची आहे ना, आई.”

“मग रडतीस कशाला गं?”